रिकाम्या इमारतींची साक्ष : हेल काउंटीची छायाचित्रे आणि चौकटीबाहेरचा इतिहास

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हॅव्हाना जंक्शन नावाच्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला एक लहानशी लाकडी इमारत होती. विल्यम क्रिस्टनबेरी या चित्रकार-छायाचित्रकाराने तिची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली. ती पाहताना आपली नजर प्रथम खिडकीवर जाते. खिडकीत हाताच्या तळव्याचे चित्र असलेली एक पाटी आहे. हात पाहून भविष्य सांगणाऱ्यांची ती पाटी. पण ती उलटी आहे, बोटे खाली आणि मनगट वर. पाहणाऱ्याला वाटते, यात काही गूढ संकेत असावा. वस्तुस्थिती अगदी साधी आहे. ही इमारत मुळात क्रिस्टनबेरीच्या एका चुलत आजोबांचे किराणा-भुसाराचे दुकान होती. पुढे तिथे हात पाहणारे एक भटके कुटुंब राहू लागले. ते गेल्यावर इमारत ओस पडली आणि फुटलेल्या खिडकीतून पाऊस आत येऊ नये म्हणून कुणीतरी तीच पाटी, हाताला लागली तशी, तिथे अडकवून दिली. भविष्य सांगणारी पाटी पाऊस अडवण्याच्या कामी आली.

पडक्या इमारतींच्या छायाचित्रांविषयी लिहिण्याची सुरुवात आम्ही या पाटीपासून करतो, याला कारण आहे. अशा छायाचित्रांचा आस्वाद घेताना आपण सहसा पहिल्या टप्प्यावरच थांबतो. उडालेला रंग, गंजलेला पत्रा, भिंतीवर चढलेली वेल यांत आपल्याला काळाची करुणा दिसते, ‘गतवैभव’ हा शब्द आपल्या ओठी येतो आणि आपण पुढचे पान उलटतो. इमारत रिकामी आहे एवढे छायाचित्र नि:संशय सांगते. ती कुणी रिकामी केली, कुणाला निघून जावे लागले आणि कोण तिथेच राहिले, हे ते आपण होऊन सांगत नाही. हा दुसरा भाग वाचता येतो का, आणि येत असेल तर कसा, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही एकच भूभाग निवडला आहे : अलाबामाची हेल काउंटी आणि तिच्यातील ग्रीन्सबरो, न्यूबर्न, मूंडव्हिल ही छोटी गावे. अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतील फार थोड्या जागांकडे कॅमेऱ्याने इतक्या सातत्याने पाहिले असेल.

प्रथम भूमीविषयी. अलाबामाच्या मध्यातून काळ्या, सुपीक मातीचा एक पट्टा जातो. त्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव आधी मातीवरून पडले. पुढे त्या मातीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या बहुसंख्येमुळे त्याला दुसरा अर्थही चिकटला. यादवी युद्धापूर्वी येथे गुलामांच्या श्रमांवर कापसाचे मोठमोठे मळे उभे होते. हेल काउंटीची स्थापना १८६७ सालची, म्हणजे युद्ध संपल्यानंतरची. तरी तिला नाव दिले गेले ते स्टीफन हेल यांचे. हे गृहस्थ १८६० च्या डिसेंबरात अलाबामाचे प्रतिनिधी म्हणून केंटकी राज्याकडे गेले होते. संघराज्यातून फुटून निघणे का आवश्यक आहे, हे पटवणारे जे पत्र त्यांनी तेथील गव्हर्नरांना लिहिले, त्याचा गाभा गुलामगिरीचे रक्षण हाच होता. पुढे ते युद्धात जखमी होऊन मरण पावले. ज्या प्रदेशातील बहुसंख्य रहिवासी नुकतेच गुलामीतून मुक्त झाले होते, त्या प्रदेशाला हे नाव मिळाले. इमारतींकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात असलेली बरी.

मुक्तीनंतर जमीन मात्र मुक्त झालेल्यांना मिळाली नाही. मळ्यांचे तुकडे पडले आणि ते अर्धेलीने कसण्यास दिले गेले. कुळाने राबायचे, पिकाचा निम्मा वाटा मालकाला द्यायचा आणि हंगाम हाती येईपर्यंतचा शिधा, बियाणे, कापडचोपड गावातल्या दुकानातून उधारीवर उचलायचे. उधारीला तारण असे ते उभे पीक. वर्षअखेर हिशेब होई तेव्हा कुळाच्या हाती बहुधा काही उरत नसे. उरे ती पुढच्या वर्षाची बाकी. आपल्याकडच्या सावकारीची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही. येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच, की दक्षिणेच्या छायाचित्रांत पुन:पुन्हा दिसणारे ते रस्त्याकडेचे लाकडी दुकान ही केवळ एक रम्य, जुनी वास्तू नव्हे. ते त्या अर्थव्यवस्थेचे कार्यालय होते. त्याची खतावणी हीच त्या समाजाची खरी बखर होती. दुकान ओस पडले याचा अर्थ त्याच्या खात्यावर असलेली माणसे निघून गेली.

ती का गेली? एका कारणाने हे घडले नाही. १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना स्वीकारली आणि मतदानासाठी कर, साक्षरता, मालमत्ता अशा अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला. १९१० च्या दशकात कपाशीचे बोंड पोखरणारा ‘बोल वीव्हिल’ नावाचा भुंगा या पट्ट्यात पसरला. त्याच सुमारास उत्तरेतील शहरांतल्या कारखान्यांना मजूर हवे होते. शिकागो, डेट्रॉइटकडे जाणाऱ्या गाड्या भरून जाऊ लागल्या. १९३३ साली कापसाचे भाव सावरण्यासाठी लागवड कमी करणाऱ्यांना सरकारने पैसे देण्यास प्रारंभ केला. पैसे जमीनमालकांच्या हाती पडत आणि जमीन पडीक ठेवायची म्हटल्यावर कुळाचे कामच उरत नसे. पुढे यंत्रे आली, कापसाच्या जागी गुरांची कुरणे आली, आणि १९६० नंतर कॅटफिश जातीच्या माशांची तळी आली. शेतीचे स्वरूप बदलत गेले आणि प्रत्येक बदलाला आधीच्यापेक्षा कमी हात लागत गेले. १९०० साली हेल काउंटीची लोकसंख्या एकतीस हजारांच्या घरात होती. २०२० च्या जनगणनेत ती पंधरा हजारांच्याही खाली आली आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांत निम्म्याहून अधिक माणसे उणी झाली. ज्यांना आपण ‘ओसाड इमारती’ म्हणतो, त्या या वजाबाकीच्या खुणा आहेत.

या कापसाच्या कथेशी आपलाही एक जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ या युद्धाच्या काळात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. बॅकबेचे शेअर, नव्या बँका, रातोरात उभ्या राहिलेल्या पेढ्या हे सारे त्याच पैशावर फुगले आणि १८६५ साली युद्ध संपताच कोसळले. अलाबामाच्या काळ्या मातीत जे पिकत होते ते पिकायचे थांबले, म्हणून मुंबईत सोन्याचा धूर निघाला. तेव्हा त्या दूरच्या गावांतील पडके दुकान पाहताना आपण सर्वस्वी परक्या गोष्टीकडे पाहत आहोत, असे आम्हांला वाटत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १९३५ साली वॉकर एव्हान्स हा छायाचित्रकार सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी दक्षिणेत हिंडत होता. हेच खाते पुढे ‘फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन’ या नावाने प्रसिद्धीस आले. लुइझियानात त्याने बेल ग्रोव्ह या मळेवाल्याच्या प्रासादाची छायाचित्रे घेतली. १८५७ च्या सुमारास बांधलेला हा प्रासाद तेव्हा ओस पडलेला होता. भव्य खांब आणि नक्षीदार गिलावा यांच्यामध्ये रिकामी, भकास दालने. १९५२ साली तो जळून गेला, त्यामुळे आज ती छायाचित्रेच त्याचे अवशेष आहेत. दक्षिणेच्या भग्नतेचे रूढ चित्र या प्रासादांचे आहे : सत्ता गेलेले घराणे, ढासळलेला वाडा, आत कोंडलेले एखादे रहस्य. फॉक्नरच्या वाचकांना हे वातावरण परिचित आहे. एव्हान्सच्या ठायी या वातावरणाचे आकर्षण होते. पण तो तेथे थांबला नाही, हे त्याचे मोठेपण होय.

१९३६ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ या नियतकालिकाने जेम्स एजी या तरुण लेखकाला कापूस-कुळांवर लेख लिहिण्यासाठी पाठवले. एव्हान्सला सरकारी खात्याने काही काळ त्याच्यासोबत जाऊ दिले. अट अशी, की काढलेली छायाचित्रे सरकारच्या मालकीची होतील. दोघे हेल काउंटीत पोहोचले आणि तीन कुळकुटुंबांच्या सान्निध्यात काही आठवडे राहिले. ‘फॉर्च्यून’ने तो लेख छापला नाही. त्यातून पुढे ‘लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन’ हे पुस्तक झाले. ते १९४१ साली निघाले तेव्हा सुमारे सहाशे प्रतींच्या पुढे त्याची विक्री गेली नाही. १९६० साली पुनर्मुद्रण झाल्यावर मात्र त्याला अभिजात ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. एव्हान्सच्या त्या छायाचित्रांत घरे आहेत, चुली आहेत, भिंतीला अडकवलेले चमचे आहेत, आणि सरळ आपल्याकडे पाहणारी माणसे आहेत. ही घरे रिकामी नाहीत. पण ती रिकामी होण्याच्या उंबरठ्यावर आहेत हे मागाहून पाहणाऱ्याला कळते.

या थोर पुस्तकात एक मोठी जागा कोरी आहे. तिन्ही कुटुंबे गोरी आहेत. ज्या काउंटीत बहुसंख्य कुळे कृष्णवर्णीय होती, तिचे जगातले सर्वांत प्रसिद्ध चित्र गोऱ्या कुळांचे आहे. ‘फॉर्च्यून’साठी लिहिलेला मूळ मजकूर २०१३ साली ‘कॉटन टेनन्ट्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात कृष्णवर्णीयांविषयीचे विवेचन शेवटी परिशिष्टात आलेले आहे. एजीला या अन्यायाची जाणीव नव्हती असे नाही. त्याच्या लेखनात अपराधाची भावना पानोपानी आहे. तरीही बहुसंख्यांचे जीवन परिशिष्टात गेले, ही वस्तुस्थिती उरतेच. दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकात नावे बदलली होती. चेहरे बदलता येणार नव्हते. आपल्या दारिद्र्याचे जगभर प्रदर्शन झाले, ही सल त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांत राहिली. डेल महॅरिज आणि मायकल विल्यमसन यांनी १९८९ साली त्या कुटुंबांच्या वंशजांचा मागोवा घेणारे ‘अँड देअर चिल्ड्रन आफ्टर देम’ हे पुस्तक काढले आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. छायाचित्र काढून झाल्यावर छायाचित्रकार निघून जातो, चित्रात राहिलेला माणूस मात्र तिथेच असतो. हा प्रश्न माणसांच्या बाबतीत चटकन लक्षात येतो. इमारतींच्या बाबतीत तो आपण विसरतो.

विल्यम क्रिस्टनबेरी १९३६ साली, म्हणजे एजी आणि एव्हान्स हेल काउंटीत होते त्याच वर्षी, शेजारच्या टस्कलूसा शहरात जन्मला. आजी-आजोबांची शेते हेल काउंटीत. बालपणीचे उन्हाळे तेथेच गेले. तो शिकला चित्रकला. नाताळची भेट म्हणून मिळालेल्या साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने तो तरुणपणी चित्रांसाठी टिपणे म्हणून छायाचित्रे काढी आणि औषधांच्या दुकानात फिल्म धुवायला देई. १९६० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याला एजी-एव्हान्सचे पुस्तक मिळाले. त्यातील घरे त्याच्या आजी-आजोबांच्या शेतांपासून फार दूर नव्हती. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने एव्हान्सची गाठ घेतली. ज्या छोट्या रंगीत ठशांना तो स्वत: केवळ टिपणे समजत होता, त्यांचे मोल एव्हान्सने ओळखले. १९६८ पासून क्रिस्टनबेरी वॉशिंग्टनमध्ये शिकवू लागला. पण दरवर्षी हेल काउंटीत परत जाण्याचा नेम त्याने दीर्घकाळ पाळला. १९७३ साली तो एव्हान्सला सोबत घेऊन गेला. १९३६ नंतर एव्हान्स प्रथमच तेथे परतत होता. दीड वर्षाने, १९७५ मध्ये, त्याचे निधन झाले. क्रिस्टनबेरी २०१६ साली वारला.

या नेमात त्याचे वेगळेपण आहे. तीच इमारत, जवळजवळ तीच जागा, तोच समोरचा कोन. बदलते ते केवळ साल. हॅव्हाना जंक्शनची इमारत त्याने १९६१ पासून टिपली. चित्रे क्रमाने मांडली तर शेजारचे झाड वाढत जाते, फांद्या छपरावर रेलतात, भिंत कलते, उन्हाळ्यात इमारत पानांआड जवळजवळ नाहीशी होते आणि हिवाळ्यात तिचा सांगाडा पुन्हा उघडा पडतो. १९८८ च्या चित्राला तर इमारतच नाही. शीर्षकात फक्त तिची ‘जागा’ आहे. ग्रीन्सबरो येथील ‘बार-बी-क्यू इन’ नावाच्या खानावळीची मालिकाही अशीच मोकळ्या जागेपाशी संपते. न्यूबर्नच्या हिरव्या गोदामाचा रंग १९७३ पासूनच्या चित्रांत हळूहळू विरत जातो.

साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही येथे एक परिचित उपमा देऊ. एकच पोथी समोर असली की तिचा पाठ आपण अंतिम मानतो. त्याच ग्रंथाची वेगवेगळ्या काळातील पाच हस्तलिखिते समोर आली की पाठभेद दिसू लागतात. कोणती ओवी मागाहून शिरली, कोणती गळाली, कुठे लेखकाच्या हातून चूक झाली हे कळते. पाठचिकित्सा सुरू होते ती तेथे. क्रिस्टनबेरीच्या मालिका म्हणजे एका इमारतीची अशी अनेक हस्तलिखिते आहेत. भग्नतेचे एकच सुंदर छायाचित्र ‘सारे संपले’ असे सांगते. वीस वर्षांची वीस छायाचित्रे सांगतात, की संपण्यालाही टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी काहीतरी केलेले असते : पत्रा बदललेला असतो, दार नव्याने रंगवलेले असते, पाटी उलटी लावलेली असते. उलट्या पाटीमागचा पावसाचा हिशेब कळतो तो अशा सावकाश पाहण्यातून.

याच पद्धतीने पाहिलेली आणखी एक इमारत आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत बोलकी आहे. रानात एकटी उभी असलेली, विटांचा आभास देणारे तांबडे पत्रे ठोकलेली ती इमारत क्रिस्टनबेरीला १९७४ साली दिसली. तिला एक दार आहे. पाहणाऱ्याच्या मनात ते बंदच राहते. ही एकेकाळी एका खोलीची शाळा होती आणि पुढे मतदानाचे केंद्र झाली. या माहितीशिवाय ती केवळ एक आकृती आहे : लाल चौकोन, हिरवे रान. माहिती मिळाली की ते बंद दार वेगळे दिसू लागते. या काउंटीत १९०१ नंतर दोन पिढ्या बहुसंख्य लोकांना मतदान केंद्राचे दार बंदच होते. शेजारच्या पेरी काउंटीतील मॅरियन येथे १९६५ च्या फेब्रुवारीत मताधिकारासाठी निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी हल्ला केला आणि जिमी ली जॅक्सन हा कृष्णवर्णीय तरुण गोळी लागून मरण पावला. सेल्माचा प्रसिद्ध मोर्चा त्याच मृत्यूतून निघाला आणि त्याच वर्षी मताधिकाराचा कायदा झाला. तांबड्या इमारतीच्या चित्रात यातले काहीही नाही. ते असायला हवे होते अशी आमची तक्रार नाही. मात्र ते चित्रात नाही म्हणून आपणही ते बाजूला ठेवून चित्र पाहावे, हे आम्हांला मान्य नाही.

क्रिस्टनबेरीच्या छायाचित्रांत माणसे जवळजवळ नाहीत. याचा अर्थ त्याला आपल्या भूमीचे पाप दिसत नव्हते असा नव्हे. १९६० साली टस्कलूसाच्या न्यायालयाच्या इमारतीत कू क्लक्स क्लॅनची सभा आहे असे कळल्यावर तो कुतूहलाने जिना चढून गेला. वर एक बुरखाधारी पहारेकरी दिसला आणि तो पळत सुटला. या अनुभवातून त्याने बुरखे घातलेल्या बाहुल्या, रेखाटने, मूर्ती यांनी खच्चून भरलेली एक खोलीच तयार केली. १९७९ साली त्यातील अनेक वस्तू त्याच्या कार्यशाळेतून चोरीस गेल्या आणि त्या चोरीचा उलगडा झाला नाही. त्याने ते काम पुन्हा उभे केले. म्हणजे एका बाजूला शांत, निर्मनुष्य, उन्हात न्हालेल्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला ती कोंदट खोली. एकाच कलावंताने दोन्ही केले, पण दोन वेगळ्या दालनांत. प्रेक्षक बहुधा पहिल्या दालनातूनच परत फिरतात. आमचे म्हणणे इतकेच, की ही दोन्ही दालने एकत्र पाहिल्याशिवाय क्रिस्टनबेरी पुरा वाचला असे होत नाही.

ग्रीन्सबरोमध्ये अशीच आणखी एक जोडी आहे. गावात मॅग्नोलिया ग्रोव्ह नावाचा १८४० च्या सुमाराचा खांबांचा मोठा वाडा आहे. १९४३ पासून तो राज्याच्या मालकीचा असून जतन केलेला आहे. त्याच गावात एक साधे, अरुंद, लाकडी घर आहे. २१ मार्च १९६८ रोजी क्लॅनचे लोक मागावर असताना मार्टिन ल्यूथर किंग यांना या घरात रात्रीपुरता आसरा मिळाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी मेम्फिस येथे त्यांची हत्या झाली. आज तेथे ‘सेफ हाऊस ब्लॅक हिस्टरी म्युझियम’ आहे. त्या रात्रीच्या कुणा प्रवासी छायाचित्रकाराला हे घर दिसले असते तर त्याने ते ‘दक्षिणेतील एक जीर्ण घर’ म्हणून टिपले असते, आणि चित्र कदाचित उत्तमही झाले असते. आत कोण बसले आहे हे बाहेरून कळू नये, यातच त्या घराची सार्थकता होती.

गेल्या काही दशकांत पडक्या इमारतींच्या छायाचित्रणाची एक लाटच आली. डेट्रॉइटच्या ओस कारखान्यांची आणि नाट्यगृहांची देखणी पुस्तके २०१० च्या आसपास निघाली, आणि दुसऱ्याच्या दु:खाकडे चवीने पाहण्याचा हा प्रकार आहे असा तीव्र आक्षेपही तेव्हाच घेतला गेला. आक्षेप बराचसा रास्त आहे. पण त्यातून अशा इमारतींकडे पाहूच नये असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. न पाहिल्याने ती माणसे परत येत नाहीत. कामिलो होसे व्हेरगारा या चिलीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने न्यूयॉर्क, न्यूअर्क अशा शहरांतील तेच तेच कोपरे १९७० च्या दशकापासून पुन:पुन्हा टिपले. क्रिस्टनबेरीच्या जातीचेच हे काम. प्रश्न कॅमेरा रोखण्याचा नाही. परत जाण्याचा आणि विचारपूस करण्याचा आहे.

हेल काउंटीत हा प्रश्न नव्या पद्धतीने विचारला तो रमेल रॉस याने. हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार २००९ साली ग्रीन्सबरोला आला, तेथे तरुणांना शिकवू लागला, बास्केटबॉलचा प्रशिक्षक झाला. कॅमेरा घेऊन आलेल्या अनेकांप्रमाणे तो आठवड्यात परतला नाही. त्याचा ‘हेल काउंटी धिस मॉर्निंग, धिस इव्हनिंग’ हा माहितीपट २०१८ साली प्रदर्शित झाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. यात इमारती मागे सरतात आणि माणसे पुढे येतात : खेळाच्या खोलीतील गोंगाट, मुलाचे घरभर धावणे, कामावरून परतणे, जन्म आणि मृत्यू. एका प्रसंगात कॅमेरा मळेवाल्याच्या जुन्या वाड्याकडे सरकतो आणि मध्येच १९१३ सालच्या एका अपूर्ण चित्रपटातील बर्ट विल्यम्स हा कृष्णवर्णीय नट झुडपांआडून डोकावताना दिसतो. ज्या वाड्याकडे आजवर सर्वांनी पाहिले, त्या वाड्याकडे येथे कुणी वेगळाच पाहत आहे. एजीच्या पुस्तकात परिशिष्टात गेलेला मजकूर रॉसच्या चित्रपटात ग्रंथाच्या मध्यभागी आला आहे, असे म्हणता येईल.

आणि इमारती? त्यांचेही सारे संपलेले नाही. ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रुथ यांनी १९९३ साली न्यूबर्न परिसरात ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. वास्तुकलेचे विद्यार्थी तेथे राहून गरीब कुटुंबांसाठी घरे आणि गावांसाठी सार्वजनिक इमारती बांधू लागले. मॉकबी २००१ मध्ये गेले, काम चालू राहिले. न्यूबर्नमध्ये बंद पडलेल्या जुन्या बँकेच्या इमारतीत या विद्यार्थ्यांनी २०१३ साली ग्रंथालय उभे केले. ज्या इमारतीत एके काळी गावाच्या पैशांचे हिशेब लिहिले जात, तेथे आता मुले पुस्तके वाचतात.

याच न्यूबर्नची एक अलीकडची हकीकत सांगून आम्ही थांबतो. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १३३ भरली. गाव बहुसंख्येने कृष्णवर्णीयांचे; पण तेथे कित्येक दशके नगरपालिकेची निवडणूकच झाली नव्हती. एक महापौर पुढच्याची नेमणूक करी आणि कारभार गोऱ्यांच्या हाती राही. २०२० साली पॅट्रिक ब्रॅक्स्टन यांनी रीतसर अर्ज भरला. दुसऱ्या कुणीच न भरल्याने ते गावचे पहिले कृष्णवर्णीय महापौर ठरले. त्यानंतर आपल्याला कारभार करू दिला जात नाही, नगरभवनाची कुलुपे बदलली गेली, अशी तक्रार घेऊन त्यांना न्यायालयात जावे लागले. २०२४ मध्ये तडजोड होऊन त्यांचे पद मान्य झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गावात प्रत्यक्ष मतदान झाले. ब्रॅक्स्टन यांना ६६ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला २६.

ही आकडेवारी वाचल्यावर आम्ही न्यूबर्नच्या हिरव्या गोदामाची आणि रानातल्या त्या तांबड्या इमारतीची चित्रे पुन्हा काढून पाहिली. चित्रे तीच होती. इतकी वर्षे आपण ज्यांना ओसाड गावांची चित्रे म्हणत आलो, त्या गावांत सारा वेळ माणसे राहत होती. त्यांना मत नव्हते, त्यामुळे त्यांची मोजणी आपल्याही पाहण्यात झाली नव्हती. वर्गात असे छायाचित्र दाखवताना त्याच्या छायाप्रकाशाविषयी अवश्य बोलावे. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे : येथे कोण राहत होते, ते कुठे गेले, आणि जे गेले नाहीत ते या क्षणी चौकटीच्या कोणत्या बाजूला उभे आहेत? उत्तरे चित्रात नसतील. ती जनगणनेत, दुकानाच्या खतावणीत, न्यायालयाच्या कागदांत आणि गावकऱ्यांच्या तोंडी असतील. ती शोधायला जाण्याची इच्छा चित्राने निर्माण केली, तर त्याचे काम झाले असे आम्ही समजू.